पळस्पे, १८७९ : एका चकमकीची साधने आणि तिचे लेखन

१

मोठ्या लढायांना साक्षीदार पुष्कळ असतात. उभय पक्षांचे खलिते, तहनामे, हिशेबाची कागदपत्रे आणि परक्या प्रवाशांची टिपणे उपलब्ध असल्यामुळे एका साधनातील उणीव दुसऱ्याच्या आधाराने भरून काढता येते. लहान चकमकीची स्थिती याहून वेगळी असते. तिचा कागद बहुधा एकाच पक्षाने लिहिलेला असतो, आणि तो पक्ष जिंकलेला असतो. हरलेल्या पक्षातील माणसे एक तर मारली गेलेली असतात, किंवा त्यांची जबानी पोलिसांपुढे व न्यायालयात दिलेली असते. अशा जबानीत जीव वाचविण्याची धडपड किती आणि घडलेली हकीकत किती, याचा निवाडा करणे अवघड असते. अशा चकमकीविषयी पुढे जे लिहिले जाते ते तिच्या पुराव्यापेक्षा तिला दिलेल्या नावावर अधिक अवलंबून राहते. मे १८७९ मध्ये पनवेल तालुक्यातील पळस्पे व चिखली या गावांवर दौलतराव नाईक यांच्या रामोशी तुकडीने घातलेला छापा आणि परतीच्या वाटेवर झालेली चकमक हे याचे बोलके उदाहरण आहे.

हकीकत थोडक्यात अशी आहे. १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळानंतर पुण्यातील लष्करी हिशेब खात्यात कारकून असलेले वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशांच्या साहाय्याने इंग्रजी राज्याविरुद्ध उठाव आरंभिला. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारी येथे पहिला छापा पडला. पुढे पुणे जिल्ह्यात आणखी छापे झाले. फडके यांच्या रामोशी सहकाऱ्यांपैकी प्रमुख जे दौलतराव नाईक, त्यांनी आपली तुकडी कोकणात उतरविली, आणि १० व ११ मे रोजी पळस्पे व चिखली येथे छापे घालून सुमारे दीड लाख रुपयांचा ऐवज हस्तगत केला. तो घेऊन घाटमाथ्याकडे परतत असता मेजर डॅनियल याच्या पथकाने त्यांना गाठले. चकमकीत दौलतराव गोळी लागून ठार झाले. पुढे जुलैमध्ये याच डॅनियलने हैदराबादचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांच्यासह फडके यांना त्या वेळच्या कलादगी जिल्ह्यातील देवर नावदगी येथे पकडले. पुण्यात खटला होऊन त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली; १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. परंतु ती सांगताना पळस्पे नेहमीच ओझरते येते आणि लगेच मागे पडते. ते तसे का येते, हा या लेखाचा विषय आहे.

२

प्रथम प्रदेशाचा विचार करणे इष्ट होय. पनवेलच्या खाडीच्या पश्चिमेस उलवे, गव्हाण, जासई ही खाजण व मिठागरांच्या पट्ट्यातील गावे आहेत. पूर्वेस पनवेल ओलांडून पुण्याच्या वाटेला लागले की पळस्पे येते. त्याच्या दक्षिणेस फडके यांचे जन्मगाव शिरढोण आणि त्यापुढे कर्नाळ्याचा सुळका आहे. कर्नाळा किल्ला १८१८ च्या जानेवारीत कर्नल प्रॉथरने घेतला. त्या किल्ल्याची किल्लेदारी फडके घराण्याकडे, वासुदेव बळवंतांचे आजोबा अनंतराव यांच्याकडे, होती. म्हणजे दौलतरावांनी निवडलेला मुलूख त्यांना स्वतःला परका असला तरी उठावाच्या नायकाच्या घराचा होता. पळस्प्यातील कोणत्या घरी किती पैसा असेल, कोणत्या वाटेने उतरावे, कोणत्या वाटेने चढावे, ही माहिती शिरढोणच्या माणसाकडून मिळाली असण्याचा संभव मोठा आहे. हे अनुमान आहे. तथापि छाप्यासाठी पनवेल तालुकाच का निवडला गेला, या प्रश्नाला याहून सयुक्तिक उत्तर देता येत नाही.

दुसरी गोष्ट शासकीय विभागणीची. १८७९ मध्ये पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यात होता. १८८३ मध्ये तो कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला आणि १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. या साध्या गोष्टीचे परिणाम अभ्यासाला नडतात. आजचा जिल्हा डोळ्यापुढे ठेवून कुलाब्याचे गॅझेटिअर उघडणाऱ्यास पळस्प्याच्या छाप्याचा माग लागत नाही. तो ठाणे व पुणे जिल्ह्यांच्या खंडांत शोधावा लागतो. शिवाय ‘चिखली’ हे नाव रोमन लिपीतून मराठीत परत आलेले दिसते. पनवेल तालुक्यात पळस्प्याच्या परिसरात ‘चिखले’ नावाचे गाव आजही आहे, आणि छाप्यातील गाव तेच असावे असे मानण्यास हरकत नाही. गावाचे नावच जेथे परकीय लिपीतून फिरून आले, तेथे माणसांची नावे, त्यांचे नाते आणि त्यांचे शब्द किती शाबूत राहिले असतील याची कल्पना करता येते.

३

उपलब्ध लेखनाचे तीन प्रकार पडतात. पहिला सरकारी लेखनाचा, दुसरा खुद्द फडके यांच्या आत्मवृत्ताचा व रोजनिशीचा, आणि तिसरा चरित्रांचा.

सरकारी लेखनाची चौकट ठाण्याच्या गॅझेटिअरात स्पष्ट दिसते. १८८२ च्या या खंडात टोळ्यांच्या दरोड्यांचा विचार न्यायविषयक प्रकरणात येतो. १८४८ मध्ये ठाण्यात फाशी गेलेले राघोजी भांगरे यांचाही समावेश त्याच मालिकेत होतो. घटना कोणत्या प्रकरणात घातली यावरच तिचा अर्थ ठरून जातो. इतिहासाच्या प्रकरणात गेली असती तर कारणे विचारावी लागली असती. न्यायाच्या प्रकरणात गेल्यामुळे लूट किती आणि पकडलेले किती, एवढेच विचारणे पुरते. दीड लाखाचा आकडाही या दृष्टीने तपासून घ्यावयास हवा. दरोड्यातील ऐवजाची किंमत मुख्यतः फिर्यादीच्या सांगण्यावर उभी असते. तो आकडा खोटा आहे असे म्हणण्यास आधार नाही. परंतु तो मोजदादीतून आलेला नसून तक्रारीतून आला असण्याचा संभव अधिक आहे. चरित्रकार मात्र सरकारची सर्व विशेषणे नाकारतात आणि सरकारचा आकडा तेवढा निःशंकपणे स्वीकारतात. मोठी लूट सरकारला गुन्ह्याचे गांभीर्य दाखविण्यास उपयोगी पडली आणि चरित्रकाराला पराक्रमाचे माप म्हणून. पुराव्याची चिकित्सा दोन्ही ठिकाणी झाली नाही.

समकालीन वृत्तपत्रांकडून ही उणीव भरून निघाली असती, असे वाटणे साहजिक आहे. परंतु काळाकडे पाहिले पाहिजे. देशी भाषांतील वृत्तपत्रांवरील निर्बंधाचा कायदा १८७८ मध्ये आला व १८८२ पर्यंत अमलात राहिला. ‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला. ‘ज्ञानप्रकाश’ आणि ‘दीनबंधु’ चालू होते. पण याच मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा आगीत सापडल्यावर पुण्याच्या सुशिक्षित वर्गावर सरकारची इतकी वक्र दृष्टी होती की न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या माणसाचीही धुळ्याला बदली झाली. अशा वेळी मराठी संपादकाने बंडाचा निषेध केला तर त्यावरून त्याचे मत ठरविता येत नाही, आणि मौन पाळले तर त्या मौनालाही अर्थ असतो. १८७९ चे मराठी वृत्तपत्र वाचताना ही खूणगाठ बांधून ठेवणे आवश्यक आहे.

४

फडके यांचे आत्मवृत्त हे या सर्वांत मौल्यवान साधन होय. श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या आश्रयाने लिहिलेले हे आत्मवृत्त आणि रोजनिशी मुंबई सरकारने १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यचळवळीच्या साधनसंग्रहाच्या पहिल्या खंडात इंग्रजी अनुवादरूपाने छापली आहेत. अभ्यासक ती प्रामुख्याने याच रूपात वापरतात. त्यामुळे एका मराठी माणसाचे मनोगत आधी सरकारी अनुवादकाच्या हातून इंग्रजीत गेले आणि मग चरित्रकारांच्या हातून पुन्हा मराठीत आले. मधल्या प्रवासात ‘बंड’, ‘दरोडा’, ‘लूट’ या शब्दांच्या छटा कशा बदलल्या असतील हे सांगता येणार नाही, एवढे तरी प्रत्येक अवतरणाच्या वेळी लक्षात ठेवावयास हवे.

या आत्मवृत्तात उठावाची योजना आहे. लहान लहान टोळ्या एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी पाठवाव्या, टपाल, रेल्वे व तारायंत्र बंद पाडावे, म्हणजे एका ठिकाणची बातमी दुसऱ्या ठिकाणी पोहोचणार नाही व सरकारला बंडाचा खरा आवाका कळणार नाही, असा तिचा गाभा आहे. पळस्प्याचा छापा या योजनेच्या प्रकाशात वाचला तर तो एकाकी दरोडा राहत नाही. घाटाखाली नवे क्षेत्र उघडणे आणि माणसे पोसण्यासाठी द्रव्य मिळविणे, हे दोन्ही हेतू त्यात दिसतात.

परंतु त्याच आत्मवृत्तात रामोशी सहकाऱ्यांविषयी निराशाही आहे. त्यांची ओढ लुटीच्या वाट्याकडे आहे, उद्दिष्टाकडे नाही, अशी फडके यांची तक्रार आहे. चरित्रकारांनी ही तक्रार शब्दशः प्रमाण मानली, आणि ध्येयवादी नायक व स्वार्थी अनुयायी असे चित्र रूढ झाले. येथे टीकाकाराने थांबले पाहिजे. आत्मवृत्त लिहिणाऱ्याची साक्ष त्याच्या स्वतःच्या मनाविषयी श्रेष्ठ असते. दुसऱ्यांच्या मनाविषयी ती एका पक्षाची साक्ष असते. त्यातून फडके स्वतः पळस्प्याच्या मोहिमेत नव्हते. त्या तुकडीतील माणसे काय समजून लढली, हे त्यांच्या तक्रारीवरून ठरविणे पुराव्याच्या नियमास सोडून होईल.

या माणसांची परिस्थिती काय होती हे मात्र ठाऊक आहे. मराठी राज्यात रामोशांकडे किल्ल्यांची व गावांची राखण होती. राज्य गेल्यावर किल्ल्यावरील चाकरी गेली. १८३२ मध्ये फाशी गेलेले उमाजी नाईक यांचे बंड याच असंतोषातून उभे राहिले. त्यावर दुष्काळ आला. जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळी कामांच्या पाहणीसाठी नेमलेले सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचा दर खाली आणून पुरुषाला दिवसास एक पौंड धान्य व वर एक आणा एवढा ठेवला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यास विरोध केला, आणि दख्खनातील कामांवर मजुरांनी काम सोडण्याचे प्रकार घडले. हेच टेंपल त्या वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि १८७९ मध्ये फडके यांनी जाहीरनाम्यात ज्यांच्या शिराला बक्षीस लावले तेही हेच. नियमित पगार सोडून आलेल्या नायकाच्या दृष्टीने लुटीचा वाटा मागणे ही लोभाची खूण होती. पौंडभर धान्यावर ज्यांची मुलेबाळे जगत होती, त्यांच्या दृष्टीने वाटा हा शिपायाचा रोजमुरा होता. जुन्या फौजांतही लुटीचा हिस्सा हा शिपाईगिरीच्या प्राप्तीचा भाग मानला जाई. वाटा मागितला म्हणून मराठी स्वाराला कोणी दरोडेखोर म्हणत नाही. मग रामोशाला ती मोजपट्टी का लावावी?

५

चरित्रलेखनाचा दोष याहून सूक्ष्म आहे. वि. श्री. जोशी यांच्या चरित्राने फडके यांना आद्य क्रांतिकारक म्हणून मराठी वाचकापुढे उभे केले. तेव्हापासून १९८४ च्या टपाल तिकिटापर्यंत आणि २००७ च्या चित्रपटापर्यंत ही प्रतिमा स्थिर झाली. हे कार्य मोलाचे आहे यात शंका नाही. परंतु चरित्र या वाङ्मयप्रकाराचा स्वभावच असा आहे की त्यात प्रत्येक घटना नायकाच्या आयुष्यातील टप्पा बनते. दौलतराव नाईक यांचा मृत्यू चरित्रांत येतो तो फडके यांना बसलेला धक्का म्हणून. दौलतरावांचा निर्णय, त्यांनी निवडलेली वाट, त्यांचे नेतृत्व यांना स्वतंत्र महत्त्व उरत नाही. सरकारी कागदाने त्यांना टोळीचा म्होरक्या केले, चरित्राने नायकाचा उजवा हात केले. दोन्ही लेखनांत ते कर्ते पुरुष नाहीत.

वस्तुतः या चकमकीचा लष्करी विचार दौलतरावांना केंद्र करूनच करता येतो. अर्धशतकापूर्वी, १८२७-२८ च्या सुमारास, उमाजी नाईकांचा वावर याच तालुक्यातील प्रबळगडाच्या आसऱ्याने होता, आणि सरकारला ते पुढे कित्येक वर्षे सापडले नाहीत. दौलतराव मात्र एका मोहिमेतच गाठले गेले. दोघेही रामोशी, मुलूख एकच, पद्धतही छाप्याचीच. मग फरक कशाने पडला? उत्तर बोरघाटात आहे. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला आणि १८६३ मध्ये रेल्वे सुरू झाली; तारायंत्र आले. उमाजींच्या वेळी घाट हा बंडवाल्यांचा तट होता. दौलतरावांच्या वेळी पुण्याचे पोलीस घाटवाटेवर येण्यास पूर्वीसारखा अवधी लागत नव्हता. पळस्पे स्वतः पनवेल-पुणे मार्गावरच असल्यामुळे छाप्याची वार्ता मार्गाने धावली असणार हे उघड आहे. तुकडीला परतण्यास मोजक्याच वाटा होत्या, आणि खांद्यावर जड ओझे होते. टपाल, रेल्वे व तार आधी तोडावी, हा फडके यांच्या योजनेतील विचार किती अचूक होता हे पळस्प्याने सिद्ध केले. पण ती तोडण्याची शक्ती तुकडीपाशी नव्हती, हेही त्याच वेळी दिसून आले. उठावाच्या अपयशाचे कारण अनुयायांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या वाटांत शोधणे अधिक न्याय्य होय.

६

दुसऱ्याही एका मौनाची नोंद घेतली पाहिजे. छापा ज्या गावांवर पडला त्यांची बाजू कोणत्याच लेखनात नाही. १८७५ मध्ये सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे व वह्या जाळल्या. तेथे हल्ला करणारे आणि ज्यांच्यावर हल्ला झाला ते, दोघेही एकाच गावचे अथवा पंचक्रोशीतले होते. पळस्प्यात हल्ला करणारे घाटावरचे होते, आणि रोखे जाळण्याऐवजी ऐवज नेण्यात आला. पळस्प्याच्या कुळाला या छाप्याने दिलासा मिळाला की केवळ पोलिसांची चौकशी वाट्याला आली, हा प्रश्न क्रांतिकार्याच्या गौरवात बुडून जातो. तो विचारल्याने दौलतरावांची योग्यता कमी होत नाही. लोकांसाठी केलेली लढाई आणि लोकांनी केलेली लढाई यांतील अंतर मात्र कळते.

हे अंतर शेजारच्या एका उदाहरणाने स्पष्ट होईल. उलव्याच्या दक्षिणेस उरण तालुक्यात चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात आगरी, कोळी व इतर समाजांतील ग्रामस्थ बळी पडले. मामलेदार जोशीही त्यात मारले गेले. त्यांचा मृत्यू कोणाच्या हातून झाला याविषयी सरकारी बाजू आणि लोकस्मृती यांचा मेळ बसत नाही. परंतु तेथे लोकस्मृती आहे. हुतात्म्यांची नावे गावोगाव ठाऊक आहेत, स्मारक आहे, दरवर्षी २५ सप्टेंबरला त्यांचे स्मरण होते. सरकारी कागदाला उत्तर देणारा पक्ष जिवंत राहिला, कारण मेलेले लोक त्याच गावांचे होते आणि रडणारेही तेथलेच. पळस्प्याच्या चकमकीत पडलेल्यांसाठी कोकणात रडणारे कोणी नव्हते. स्मृती टिकण्यासाठी पराक्रम पुरत नाही, घर लागते, हा या दोन घटनांच्या तुलनेचा निष्कर्ष आहे.

लेखकाचेही तसेच. पनवेलच्या दक्षिणेस पेण तालुक्यातील वरसई येथील विष्णुभट गोडसे यांनी झाशीचा रणसंग्राम डोळ्यांनी पाहून लिहून ठेवला. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी संस्कार करून प्रसिद्ध केला आणि मूळ हस्तलिखितानुसारी पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये छापला. दूरच्या झाशीला कुलाब्याचा भिक्षुक साक्षीदार लाभला. हाकेच्या अंतरावरील पळस्प्याला कोणी लाभला नाही. आणखी एक गोष्ट त्या ग्रंथावरून कळते. गोडसे १८५७ ला ‘बंड’ म्हणतात. सावरकरांचा त्याच विषयावरील ग्रंथ १९०९ मध्ये इंग्रजीतून बाहेर पडला, तेव्हा त्यांनी त्याला स्वातंत्र्यसमर म्हटले. दोन्ही शब्द जवळजवळ एकाच वेळी छापले गेले, आणि दोहोंनी भिन्न गोष्टी सांगितल्या. ‘बंड’ म्हणणारा गोडसेभटजी राणीचा द्वेष्टा नव्हता. त्या शब्दात निंदा आहे असे पुढच्या पिढीला वाटले, कारण दरम्यान इंग्रजी शब्दांची छाया त्यावर पडली होती. पळस्प्याच्या घटनेलाही ‘दरोडा’ आणि ‘स्वातंत्र्ययुद्ध’ या दोन टोकांच्या मध्ये ‘बंडातील चकमक’ हा जुना मराठी शब्द अधिक शोभतो. त्यात हेतूची ग्वाही दिलेली नाही आणि गुन्ह्याचा शिक्काही मारलेला नाही.

७

या चर्चेला केवळ शब्दांचे महत्त्व आहे असे नाही. लेखी साधने एकपक्षी असतील तेव्हा भूमी आणि बोलता इतिहास ही दोनच साधने उरतात, आणि या प्रदेशात ती झपाट्याने नाहीशी झाली आहेत. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला, आणि उलवे, तरघर, कोंबडभुजे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा इत्यादी गावांतील वस्ती हलविण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये सागरी सेतू उघडला आणि २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. पळस्पे फाटा हे आता महामार्गांच्या जोडाचे नाव झाले आहे. विकासाची इष्टानिष्टता हा येथील प्रश्न नाही. परंतु गाव हलते तेव्हा शेतांची, बांधांची, वाटांची नावेही सुटतात, आणि ‘येथून अमके उतरले’ असे सांगणारा म्हातारा ज्या जागेकडे बोट दाखवीत असे ती जागाच राहत नाही. पळस्पे, चिखले, शिरढोण येथील घराण्यांच्या आठवणी आणि घाटावरील रामोशी वस्त्यांतील कथा यांची एकत्र नोंद करण्याचे काम चरित्रकारांचे नव्हते. ते विद्यापीठीय संशोधनाचे आहे.

एकंदरीत पाहता पळस्प्याच्या चकमकीविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात चूक माहितीपेक्षा चुकीची जागा हा दोष अधिक आहे. गॅझेटिअरने तिला गुन्ह्यांच्या प्रकरणात ठेवले, चरित्रांनी दुसऱ्याच्या आयुष्यात ठेवले. तिला तिच्या स्वतःच्या जागी, म्हणजे दुष्काळ, घाटवाट आणि रोजमुऱ्याला मोताद झालेले शिपाई यांच्यामध्ये, ठेवून वाचले तर दौलतराव नाईक हे नाव वासुदेव बळवंतांच्या चरित्रातील एका परिच्छेदात मावत नाही. ज्या उठावात नायकाची योजना आणि अनुयायांची गरज एकमेकींना पुरती ओळखू शकली नाही, त्याचा इतिहास दोघांच्याही बाजूने लिहावयास हवा. पहिल्याची बाजू लिहून झाली आहे.